घरात पुराचं पाणी शिरू नये म्हणून काय करायचं, आणि शिरलंच तर जीव कसा वाचवायचा

पूर म्हटलं की सगळ्यांचं पहिलं लक्ष दरवाजाकडे जातं. उंबऱ्यावर पोती लावू, फटीत कापड कोंबू वगैरे. पण बऱ्याच घरांमध्ये पाणी दरवाजातून येण्याआधी संडासातून आणि मोरीतून वर आलेलं असतं. आणि माणसं जी दगावतात त्यातली कितीतरी घरात नाही, तर रस्त्यावर, गाडीत नाहीतर बेसमेंटमधून गाडी काढायला गेल्यावर दगावतात. म्हणून मी इथे जे लिहितोय त्याचा क्रम मुद्दाम थोडा वेगळा ठेवलाय. सामान नंतर, माणूस आधी. आणि जेवढं कोरड्या दिवसात ठरवता येईल तेवढं कोरड्या दिवसातच ठरवून टाकायचं, कारण पाणी चढायला लागलं की डोकं चालत नाही, घरातली चार माणसं चार गोष्टी सांगतात आणि त्यात वेळ जातो.

सगळ्यात आधी: पाणी येणार कुठून आणि किती उंच?

पूर सगळे सारखे नसतात. मोठ्या नदीचा पूर हळूहळू चढतो, काही तास ते एखाद दोन दिवस आधी अंदाज येतो. डोंगरउतारावरचा ओढा किंवा अरुंद नाला काही मिनिटांत फुगतो, तुमच्याकडे पाऊस नसला तरी वरच्या बाजूला झाला असेल तर खाली लोंढा येतो. तिसरा प्रकार शहरातला, नदी कुठेच जवळ नाही पण गटारं भरली आणि पाण्याला जायला जागा नाही म्हणून तुंबलं. चौथा, धरणातून सोडलेलं पाणी. बातमीत क्युसेक हा शब्द येतो ना, तर १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. एक आकडा ऐकून फार काही कळत नाही, पण मागच्या वेळी किती सोडल्यावर पाणी कुठवर आलं होतं हे लिहून ठेवलं असेल तर तोच आकडा फार कामाचा होतो.

मग शेजारच्या जुन्या माणसांना विचारा की पाणी कुठवर आलं होतं. जुन्या भिंतींवर, पुलाच्या खांबावर, मंदिराच्या पायऱ्यांवर खुणा असतात. ती खूण तुमच्या घरापासून लांब असली तरी तिची उंची तुमच्या भिंतीवर आणता येते, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्यायची, पाणी भरायचं, आतली हवा काढायची, एक टोक खुणेपाशी आणि दुसरं तुमच्या भिंतीपाशी धरायचं. दोन्हीकडे पाणी एकाच लेव्हलला थांबतं. नळी पुरत नसेल तर मधे एखाद्या भिंतीवर खूण करून टप्प्याटप्प्याने पुढे यायचं. नदीच्या पुराचं पाणी उताराने वाहत असतं त्यामुळे खूण फार लांबची असेल तर थोडा फरक पडतो, पण अंदाज नक्की येतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि पुढचे सगळे निर्णय या एका रेषेवर अवलंबून आहेत.

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" असं म्हणतात त्याचा अर्थ एकदा आला की आता शंभर वर्षं निश्चिंत, असा नाही. त्याचा अर्थ दरवर्षी तेवढा पूर यायची शक्यता १ टक्का. ३० वर्षं त्या घरात राहणार असाल तर या काळात तो एकदा तरी यायची शक्यता साधारण २६ टक्के, म्हणजे चारात एक. गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यावर्षी येणार नाही हा हिशोब डोक्यातून काढून टाका.

तीन निशाण्या ठरवून ठेवा

घराबाहेर, रस्त्यावरून पाणी चढताना दिसेल अशा जागी तीन रेषा मारा. पहिली, पाणी इथे आलं की गाड्या उंचावर न्यायच्या, सामान वर चढवायचं, म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई, डायलिसिसवर किंवा ऑक्सिजनवर असलेलं कोणी असेल तर त्यांना लगेच हलवायचं. दुसरी, इथे आलं की मेन स्विच बंद, गॅस बंद, बॅग उचलायची आणि सगळे बाहेर. तिसरी रेषा म्हणजे आता बाहेर पडायचा रस्ता बंद झाला, आता बाहेर जायचं नाही, वर जायचं.

दुसरी रेषा घराच्या उंबऱ्यावर मारू नका. ती तुमच्या जाण्याच्या रस्त्यावरच्या सगळ्यात खोल जागेवरून ठरवा. घर कोरडं असतं पण कोपऱ्यावरचा खोलगट भाग आधीच बुडालेला असतो, लोक इथेच फसतात. आणि हे रात्री घडणार असेल तर संध्याकाळी उजेड असतानाच निघा. पाणी चढतंय आणि अंधार पडतोय अशी स्थिती असेल तर रेषेची वाट बघू नका, सरळ निघा. फुकटची एक रात्र दुसरीकडे काढावी लागली तर लागली.

डोंगरउतारावर किंवा ओढ्याकाठी राहत असाल तर या रेषांचा फारसा उपयोग नाही, तिथे वेळच मिळत नाही. पाणी एकदम गढूळ झालं, त्यात पालापाचोळा ओंडके यायला लागले, वरच्या बाजूने गडगडाट ऐकू आला, किंवा जोराचा पाऊस चालू असून ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं (वर कुठेतरी दरड पडून पाणी अडलेलं असू शकतं) तर काहीही न उचलता ओढ्यापासून आडव्या दिशेने उंचावर जायचं, ओढ्याच्या कडेकडेने खाली पळायचं नाही.

बॅग

प्रत्येकाच्या घरात वेगळी असेल, पण या गोष्टी हव्यातच:

- कागदपत्रं झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत, दोन पिशव्या एकात एक. ओळखपत्रं, घराची कागदं, विम्याची पॉलिसी, बँकेची कागदं. सगळ्याचे फोटो काढून ऑनलाइन कुठेतरी ठेवलेले, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडे पाठवलेले
- निदान आठवडाभराची रोजची औषधं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो, चष्मा, कानाचं मशीन असेल तर त्याचे सेल
- पिण्याचं पाणी, शिजवावं लागणार नाही असं खाणं, बाळ असेल तर त्याचं सगळं
- टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, दोरी, जाड तळव्याचे बंद बूट, थोडी रोख रक्कम
- एका कागदावर पेनाने लिहिलेले फोन नंबर, कारण फोन बंद पडला की आपल्याला घरच्यांचेही नंबर पाठ नसतात

इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, त्याचं आधीच डॉक्टरांशी किंवा औषधवाल्याशी बोलून ठेवा. आणि बॅग दाराजवळ उंच खुंटीला टांगा.

आता घर. पाणी खालून येतं ते आधी

बाहेरच्या गटारात पाणी चढलं की ते पाईपमधून उलटं येतं. तुमच्या तळमजल्यावरचा संडास, मोरीची जाळी, वॉशिंग मशीनचा पाईप या सगळ्यांची तोंडं जर बाहेरच्या पाण्याच्या लेव्हलपेक्षा खाली असतील तर दरवाजावर कितीही पोती रचा, घर आतून भरणार आणि तेही मैल्याच्या पाण्याने. याचा पक्का उपाय म्हणजे घराच्या ड्रेनेज लाईनवर, बाहेर चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. त्यात एक झडप असते, पाणी बाहेर जाऊ देते पण उलटं आलं की बंद होते. प्लंबरकडून बसवून घ्या, पण बसवला की काम झालं असं समजू नका, झडपेत केस, कापड, चिकट घाण अडकली की ती बंदच होत नाही. पावसाळ्याआधी उघडून साफ करायचीच. आणि झडप बंद असताना तुमच्या घरातलं पाणीही बाहेर जात नाही, त्यामुळे त्या वेळात नळ, फ्लश, मशीन काही वापरायचं नाही, वरच्या मजल्यावरूनही नाही, नाहीतर तुमचंच पाणी तुमच्याच घरात वर येणार.

व्हॉल्व्ह नसेल तर तात्पुरतं करता येतं. जाड प्लास्टिक पिशवीत वाळू भरून ती कमोडमध्ये घट्ट बसवायची, मोरीच्या तोंडावर रबर किंवा जाड फोमचा तुकडा ठेवून त्यावर फळी आणि त्यावर वजन. नुसता बोळा कोंबला तर दाब आला की उडून बाहेर येतो, वजन लागतंच. दुसरी एक साधी पण चांगली युक्ती आहे. मोरीच्या जाळीखालच्या तोंडात रबराच्या रिंगने घट्ट बसेल असा उभा पाईप लावायचा, साधारण ६० ते ९० सेंटिमीटर उंच. गटाराचं पाणी त्या पाईपमध्येच बाहेरच्या लेव्हलपर्यंत चढतं आणि थांबतं, फरशीवर येत नाही. पाईप आधी बसवून बघा, ऐन वेळी मापाचा मिळत नाही.

यानंतर भिंतीतली भोकं. पाण्याचा पाईप, केबल, एसीचा पाईप जिथून आत येतो तिथल्या फटी सिमेंट किंवा सीलंटने भरून टाका. जमिनीलगतचे झरोके पुराच्या वेळी झाकता येतील अशी झाकणं करून ठेवा. पन्हाळी, अंगणातली गटारं, घरासमोरची नाली मोकळी ठेवा. हे कंटाळवाणं काम आहे आणि कोणी करत नाही, पण तुंबणाऱ्या पाण्याच्या बाबतीत याचाच सगळ्यात जास्त फायदा होतो.

वाळूची पोती नीट कशी लावायची

पोतं काठोकाठ भरायचं नाही. अर्ध्याहून थोडं जास्त, फार तर दोन तृतीयांश. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं गोल होतं आणि दोन पोत्यांमध्ये फटी राहतात, सैल पोतं पसरतं आणि एकमेकांत बसतं. उचलायलाही जमतं. तोंड आवळून बांधायचीही गरज नाही, दुमडून पोत्याच्याच खाली घ्यायचं.

जागा आधी साफ करा, काटक्या, माती, पानं काढून. पोती पाण्याच्या धारेला समांतर आडवी ठेवायची, एकाचं दुमडलेलं तोंड दुसऱ्या पोत्याच्या बुडाखाली जाईल अशी. प्रत्येक पोतं ठेवलं की पायाने नीट दाबायचं. वरचा थर लावताना विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवायचे. दोन तीन थरांच्या वर जायचं असेल तर एकावर एक भिंत उभी करून चालणार नाही, पाया उंचीच्या तिप्पट रुंद लागतो, म्हणजे पोती किती लागतील याचा हिशोब बघताबघता वाढतो. पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक किंवा ताडपत्री लावा, खालचं टोक पहिल्या थराखाली दाबलेलं आणि वरचं टोक वर पोत्यांनी दाबलेलं, फार ताणून नाही, थोडं सैल, म्हणजे पाण्याच्या दाबाने ते पोत्यांना चिकटतं.

तरी पोती झिरपतात. ती पाणी पूर्ण थांबवत नाहीत, वेग आणि गाळ कमी करतात आणि तुम्हाला वेळ मिळवून देतात. आतल्या बाजूला येणारं थोडं पाणी काढायची तयारी ठेवा.

नेहमी पाणी येणाऱ्या घरांना मी म्हणेन की पोत्यांच्या मागे दरवर्षी धावण्यापेक्षा दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची खाच बसवून घ्या आणि त्यात वरून सरकवायची जाड मरीन प्लायची फळी, कडेला रबरी पट्टी. दोन मिनिटांत लागते आणि घरातलं कोणीही लावू शकतं.

किती उंचीपर्यंत अडवायचं? हे नीट वाचा

पाण्याचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. १ घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. भिंतीच्या बाहेर १ मीटर पाणी उभं असेल आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर रुंदीवर साधारण ५०० किलोचा रेटा येतो. पाणी २ मीटर झालं तर दुप्पट नाही, चौपट, म्हणजे २००० किलो. घराची साधी भिंत वरून येणारं वजन पेलायला बांधलेली असते, बाजूने एवढा रेटा सहन करायला नाही. म्हणून साधारण ६० ते ९० सेंटिमीटरपर्यंत अडवायचा प्रयत्न ठीक, आणि भिंत जुनी, मातीची किंवा एका विटेची असेल तर त्याहूनही कमी. त्याच्या वर पाणी जाणार असं दिसलं तर अडथळे सोडून द्या आणि पाणी आत येऊ द्या. ऐकायला विचित्र वाटतं पण दोन्ही बाजूंना पाणी असलं की रेटा सारखा होतो आणि भिंत टिकते. ओलं झालेलं घर वाळवता येतं, कोसळलेलं नाही. अर्थात तोपर्यंत घरातली वीज बंद आणि माणसं बाहेर गेलेली हवीत.

वीज आणि गॅस

मेन स्विच बंद करायचा तो पाणी घरात शिरायच्या आधी, कोरड्या जागी उभं राहून, कोरड्या हाताने. बोर्डापर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊच नका, वीज कंपनीला फोन करून भागाचा पुरवठा बंद करायला सांगा. घरात किती स्विच आहेत आणि मेन कुठला हे फक्त एकाला माहीत असून चालत नाही, सगळ्या मोठ्या माणसांना दाखवून ठेवा.

मेन बंद केला की सगळं बंद झालं असं मात्र नाही. इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो. सोलर पॅनल उजेड असेपर्यंत वीज बनवतच राहतात, मेन बंद असला तरी पॅनलकडून येणाऱ्या वायरमध्ये करंट असतो, त्या वायरींपासून लांब राहायचं. नवीन वायरिंग करत असाल तर तळमजल्याचा सर्किट वेगळा घ्या, सॉकेट आणि मीटर त्या पुराच्या रेषेच्या वर, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो.

गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर उंचावर नाहीतर भिंतीला बांधून ठेवा. सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि वाहत जाऊन आपटतो.

सामान वर चढवताना

आधी जे पुन्हा मिळणार नाही ते, फोटो, कागदं, मुलांच्या वह्या, पुस्तकं. मग औषधं, मग महागाच्या वस्तू. कीटकनाशक, रंग, ॲसिड, पेट्रोल, बॅटऱ्या या विसरू नका, त्या पाण्यात मिसळल्या तर अख्ख्या घराची घाण विषारी होते. लाकडी कपाटांचे खालचे ड्रॉवर रिकामे करा, कारण लाकूड फुगलं की ते उघडतच नाहीत. फ्रिज तरंगतो आणि आडवा होऊन दार अडवू शकतो, प्लग काढून त्याचं दार दोरीने बांधा आणि फ्रिज भिंतीच्या बाजूला घ्या.

गच्चीवरची टाकी भरून ठेवा, पुरानंतर स्वच्छ पाणी हीच सगळ्यात मोठी अडचण असते. जमिनीखालची टाकीसुद्धा भरून झाकण घट्ट लावा. रिकामी टाकी पाण्याखाली गेली की १००० लिटरच्या टाकीला जवळजवळ १००० किलोचा वरचा रेटा लागतो आणि ती जमीन फोडून वर येऊ शकते. म्हणून सेप्टिक टँकही पुराच्या तोंडावर रिकामा करायचा नाही.

जनावरं असतील तर त्यांना आधीच उंचावर न्या, आणि नेणं शक्य नसेल तर निदान दावं सोडा. बांधलेलं जनावर जागेवरच बुडतं. गोठ्याचं दारही उघडं ठेवा.

बाहेर पडताना

वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. ३० सेंटिमीटरला छोटी गाडी तरंगायला लागते, ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात, मोठ्या जाडजूडसुद्धा. गाडी जड आहे म्हणून ती धरून राहील हे खरं नाही, आत हवा असते आणि पाणी तिला उचलतं. त्यात पाण्याखाली रस्ता शाबूत आहे का, पूल आहे की गेला, हे वरून कळत नाही. पुढचा गेला म्हणून आपण जायचं नाही.

आणि बेसमेंट. कृपा करून बेसमेंटमध्ये पाणी शिरत असताना गाडी काढायला जाऊ नका. उतारावरून पाणी एका झोतात आत येतं, दरवाजा दाबामुळे उघडत नाही, वीज जाते आणि अंधारात माणूस सापडतो. लिफ्टही वापरायची नाही. गाडी पहिल्या रेषेलाच उंचावर नेऊन लावायची, नाही जमलं तर सोडून द्यायची. विमा गाडीचा मिळतो.

गाडीसकट पाण्यात अडकलात तर फोन करत बसू नका. सीटबेल्ट सोडा, काच खाली करा, मुलांना आधी आणि खिडकीतून बाहेर. पाणी काचेपर्यंत चढलं की दार उघडणं जवळजवळ अशक्य होतं. काच फोडायची वेळ आली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूने मारा, समोरची काच फुटत नाही, आणि काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही समोरच्यासारख्या दोन थरांच्या असतात, त्या या पद्धतीने फुटत नाहीत, आपल्या गाडीचं आधीच बघून ठेवा.

चालत जावंच लागलं तर साचलेल्या पाण्यातूनच, वाहत्या नाही. पायात बंद बूट, हातात काठी, प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी काठीने जमीन चाचपायची. गटाराची झाकणं पाण्याच्या दाबाने उडालेली असतात, पाण्यात भोवरा दिसला तर त्याच्या जवळ जायचं नाही. विजेचे खांब, ट्रान्सफॉर्मर, लोंबकळणाऱ्या तारा यांपासून लांबून. पाण्यात मुंग्या आल्यासारखं किंवा झिणझिण्या जाणवल्या तर आल्या वाटेने मागे फिरा.

कोणी वाहून जाताना दिसलं तर उडी मारू नका, दोरी, बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. स्वतः पडलात तर प्रवाहाशी भांडू नका, पाठीवर या, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, आणि तिरकं तिरकं काठाकडे सरका.

घरातच अडकलात तर वर जा, पण जिथून पुढे छपरावर जायला वाट नाही अशा बंद माळ्यावर जाऊ नका, पाणी चढत राहिलं तर तो सापळा होतो. भडक रंगाचं कापड बाहेर लावा, शिट्टी वाजवा, रात्री टॉर्च. फोनची बॅटरी वाचवा, नेटवर्क कमकुवत असलं तर कॉल लागत नाही पण मेसेज जातो. मेसेजमध्ये जागा, किती माणसं, कोण आजारी, पाणी कुठवर, एवढंच लिहा.

पाणी ओसरल्यावर

घाईने आत शिरू नका. आधी बाहेरून चारी बाजूंनी फिरून बघा, भिंत कलली आहे का, नवीन भेगा आहेत का, छत लोंबतंय का, पायाखालची माती वाहून गेलीय का. गॅसचा वास आला तर काडी नाही, स्विच नाही, बाहेर या. उजेडातच जा, हातात काठी घेऊन, कारण साप, विंचू कोरड्या जागेच्या शोधात कपाटात, गादीखाली, बुटात जाऊन बसतात. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायचं नाही. तो भाग न हलवता थेट दवाखाना.

साफसफाई सुरू करायच्या आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, बिघडलेल्या वस्तूंचे, मशीनवरच्या सिरीयल नंबरचे फोटो काढा आणि विमा कंपनीला लगेच कळवा. बुडालेली गाडी चालू करून बघू नका, इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर इंजिन कायमचं मोडू शकतं आणि मग ते नुकसान विम्यात बसतं की नाही यावरून वाद होतात. इलेक्ट्रिक गाडी किंवा स्कूटर बुडाली असेल, विशेषतः खाऱ्या पाण्यात, तर ती घरापासून लांब उघड्यावर ठेवा, बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

वीज इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय चालू करायची नाही. जनरेटर वापरत असाल तर घराबाहेर, दारं खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वास येत नाही, तो दिसत नाही आणि झोपेत माणूस मरतो.

बेसमेंटमधलं पाणी एका दिवसात उपसू नका. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असते, आतलं पाणी एकदम काढलं की बाहेरचा रेटा भिंतीवर आणि फरशीवर येतो. दिवसाला साधारण एक तृतीयांश काढा, खूण करून ठेवा, रात्रीत लेव्हल पुन्हा वाढली तर थांबा.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की दगड होतो. रबरी हातमोजे, गमबूट, तोंडाला मास्क. अंगावर जखम असेल तर पाण्यात उतरू नका, उतरावंच लागलं तर ती वॉटरप्रूफ पट्टीने झाका आणि नंतर साबणाने धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा आजार) होतो. पाण्यात वावरल्यानंतर पुढच्या महिनाभरात ताप, जोराची अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरकडे जा आणि "मी पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा. तेवढं एक वाक्य सांगितलं की योग्य तपासणी लवकर होते.

धुताना आधी साबण आणि पाणी, मग जंतुनाशक. चिखलावर ब्लीच ओतून काही उपयोग नाही, ते चिखलातच संपतं. टणक वस्तूंसाठी साधारण ४ लिटर पाण्यात एक कप, म्हणजे २४० मिलीपर्यंत घरगुती ब्लीच पुरतं. ब्लीच कधीही ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. गाद्या, उशा, भिजलेले गालिचे यांचा मोह सोडा, आतली घाण निघत नाही. पुराचं पाणी लागलेलं उघडं अन्न आणि औषधंही फेकून द्या. पोत्यातली वाळूसुद्धा घाण झालेली असते, ती मुलांच्या खेळायच्या जागेत टाकू नका.

प्यायचं पाणी निदान १ मिनिट खळखळून उकळा, उंच डोंगराळ भागात ३ मिनिटं. उकळायची सोय नसेल तर सुगंध न घातलेलं साधं ५ ते ९ टक्क्यांचं (सोडियम हायपोक्लोराईटचं) पातळ ब्लीच, १ लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर आधी कापडाने गाळून घ्या आणि थेंब दुप्पट करा. पाण्याला रॉकेल, डिझेल किंवा केमिकलचा वास असेल तर उकळून किंवा ब्लीचने ते जात नाही, ते पाणी प्यायचंच नाही.

वाळवणं

२४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते, म्हणून पहिल्या दोन दिवसांत दारं खिडक्या उघडून हवा खेळवणं सगळ्यात महत्त्वाचं, कपाटं भिंतीपासून लांब ओढा, ड्रॉवर, दारं उघडी ठेवा. जिप्समचे बोर्ड असतील तर पाणी त्यात वर चढतं, दिसणाऱ्या रेषेच्या निदान ३० सेंटिमीटर वरपर्यंत कापून काढा आणि आतली भिंत मोकळी करा. विटांच्या जाड भिंतीला पूर्ण वाळायला काही आठवडे, कधी कधी काही महिने लागतात. वरून कोरडी दिसते पण आत ओलावा असतो, आणि घाईने पुट्टी रंग केला की पोपडे येतात, पैसे गेले, आणि रंगाच्या आड बुरशी वाढते ती वेगळीच.

तपासायची सोपी पद्धत आहे. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच राहू द्या. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले किंवा भिंत तिथे गडद दिसली तर अजून थांबा. खालच्या भागात, कोपऱ्यात आणि कपाटामागे अशा दोन तीन ठिकाणी बघा, कारण वरचा भाग आधी वाळतो. तिन्ही ठिकाणी प्लास्टिक कोरडं निघालं की मग गवंड्याला आणि रंगाऱ्याला बोलवा, आणि सॉकेट खाली असतील तर रंगाच्या आधीच इलेक्ट्रिशियनकडून ते वर घेऊन टाका.